बारा वाजताची बॅच आणि हरवलेलं विमान

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, तीच माणसं एका खोलीत हाताला सुया लावून आडवी पडली की किस्से साचतातच. अंगात साचलेलं पाणी मशीन काढून घेतं, किस्से मात्र तसेच राहतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली बाई. अकोल्याच्या त्या डायलिसिस सेंटरला पहिल्या दिवशी रडत गेले होते. आता दिवाळीत एखादं डायलिसिस पुढे-मागे झालं तर मला घरी करमत नाही.

आमची बॅच सोमवार, बुधवार, शुक्रवार, बारा वाजताची. खिडकीजवळ मी. शेजारी इंगळे साहेब, पोलिसांच्या वायरलेसमधून रिटायर झालेले. समोर रहीमभाई, जुन्या शहरात त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. दाराजवळ हिवरखेडचे गजाननभाऊ, त्यांची केळीची बाग. आम्हा चौघांना सांभाळणारी टेक्निशियन प्रतीक्षा, तिवशाची पोर. आणि भिंतीवर एक टीव्ही.

त्या हिवाळ्यात टीव्हीवर एकच विषय होता. कित्येक वर्षांपूर्वी एक प्रवासी विमान समुद्रावरून जाता जाता नाहीसं झालं होतं, त्याचा शोध पुन्हा सुरू झाला होता. चॅनलकडे होते त्यापेक्षा जास्त अंदाज आमच्या खोलीत होते.

*

रहीमभाईंचं मत पक्कं होतं. विमान पडलंच नाही. कुठंतरी गुपचूप उतरवलं, खोललं आणि त्याचे पार्ट विकले. चाळीस वर्षांत जे घड्याळ हरवलं ते शेवटी पार्टच्या बाजारात सापडलं, असा त्यांचा अनुभव.

इंगळे साहेब डोळे मिटून ऐकत होते. शांतपणे म्हणाले, "घड्याळाचे पार्ट भेटतात, रहीमभाई. मानसाचे असे बाजारात भेटले असते तं आपन इथं कायले पडलो असतो?"

आमच्यातल्या तिघांची नावं नवी किडनी मिळायच्या यादीत होती. आधी हसले ते रहीमभाईच, आणि इतके हसले की प्रतीक्षा धावत आली, "काका, हात हलवू नका, सुई निघंल."

*

गजाननभाऊंना कोडं पडलं होतं की एवढं मोठं विमान दिसत कसं नाही. त्यांच्या बागेत शिरलेली नीलगाय अर्ध्या गावाला दिसते.

इंगळे साहेबांनी मग आमचा वर्गच घेतला. मी आयुष्यभर शिकवलं, पण इतकं सोपं मला जमलं नसतं. जमिनीवरचं रडार एका मर्यादेपर्यंतच पाहतं, भर समुद्रात ते नसतं. एरवी विमान स्वतःच सांगत जातं, मी इथं आहे, एवढ्या उंचीवर आहे. ते सांगणं या विमानानं थांबवलं. मग उरला वरचा उपग्रह. तो मधूनमधून विचारतो, आहेस का? विमान म्हणतं, आहे. पण कुठं आहे, ते त्यात सांगितलेलं नसतं. ते मागाहून आकडेमोड करून शोधावं लागतं.

गजाननभाऊंनी विचार केला. "म्हनजे आमच्या घरच्यासारखंच," ते म्हणाले. "बायको दर घंट्याले फोन करते. आहे ना? मी म्हनतो, आहे. फोन ठेवते."

त्या दिवसापासून त्यांचा फोन वाजला की प्रतीक्षा म्हणायची, "भाऊ, उपग्रह."

*

प्रतीक्षाच्या मोबाइलवर विमानं दाखवणारं अ‍ॅप होतं. अकोल्यावरून रोज किती विमानं जातात ते मला तेव्हा कळलं. माझ्या खिडकीतून पांढरी रेघ दिसली की ती अ‍ॅप उघडून सांगायची, कुठून निघालं, कुठं चाललं.

एका सोमवारी रहीमभाईंचा मुलगा आखातातून दोन वर्षांनी घरी येत होता. विमान दुपारचं. प्रतीक्षानं मोबाइल सलाइनच्या स्टँडला बांधला, सगळ्यांना दिसेल असा. पिवळं विमान समुद्रावर आलं, थोडं पुढं सरकलं आणि नाहीसं झालं.

इतके दिवस आम्ही टीव्हीवर दुसऱ्यांच्या लेकरांचे अंदाज बांधले होते. रहीमभाईंचा बीपी चढला, मशीन ओरडायला लागलं.

इंगळे साहेब म्हणाले, "भाई, माह्याकडे पाहा. हे अ‍ॅप जमिनीवरच्या अँटेनावर चालते. समुद्रात अँटेना नाही. विमान आहे, फक्त आपल्याले दिसून नाही राहिलं. किनारा जवळ आला की निघते."

वीस मिनिटं आम्ही चौघं आणि प्रतीक्षा त्या निळ्या पडद्याकडे पाहत होतो. गजाननभाऊंनी घरचा फोनसुद्धा घेतला नाही. मग किनाऱ्याजवळ ते पिवळं विमान उगवलं. रहीमभाईंनी मोकळ्या हातानं तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळी मुलगा उतरल्यावर त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "बीस मिनट कहाँ था तू?"

पोरगं बिचारं खरं ते बोललं. "सोया था, अब्बा."

*

माझी वहिनी अमरावतीहून भेटायला आली होती. तिनं या विषयावरचे भरपूर व्हिडिओ पाहिलेले. बेडशेजारी बसून ती सांगायला लागली, त्या विमानात म्हणे कोणी बसलंच नव्हतं, सगळी बनवाबनवी आहे.

इंगळे साहेबांनी प्रतीक्षाला टीव्ही बंद करायला सांगितला. मग त्यांनी वहिनीला एक गोष्ट सांगितली. नोकरीत असताना एकदा पूर्णेच्या पुरात जीप वाहून गेली होती. ड्रायव्हरची आई दोन दिवस वायरलेसच्या खोलीबाहेर उभी होती. पोरगा पळून गेला असेल, जीप विकली असेल, असं व्हरांड्यात जो तो बोलत होता. ती कोणाशी बोलायची नाही. दर थोड्या वेळानं दारातून इंगळे साहेबांना विचारायची, "शोधून राहिले ना, साहेब?"

"मी हो म्हनो," इंगळे साहेब म्हणाले. "खरंच शोधून राहिलो होतो."

वहिनीनं विचारलं, "सापडला का मग?"

"सापडला. जिवंत नाही. पन जातानी ती माय माह्या पाया पडली. मले समजलंच नाही, कायले."

वहिनीनं मोबाइल पर्समध्ये टाकला. आमच्यासाठी आणलेली संत्री प्रतीक्षाला दिली, कारण आम्हाला ती चालत नाहीत, आणि चार वाजेपर्यंत माझा पाय चेपत बसली.

*

एका शुक्रवारी बारा वाजले आणि गजाननभाऊंचा बेड रिकामा. भाचीच्या लग्नात त्यांनी बुधवार चुकवला होता, म्हणजे चार दिवस मशीन लागलेलं नव्हतं, अंगात पाणी साचत होतं. फोन बंद. घरी विचारलं तर सकाळी आठलाच निघालेले. प्रतीक्षाचा चेहरा उतरला.

इंगळे साहेबांच्या हातात सुया होत्या. पडल्या पडल्याच ते म्हणाले, "आधी हे पाहा, त्यायले शेवटचं कोनं पाहिलं?"

हिवरखेडहून येताना अकोटला बस बदलावी लागते. तिथल्या बसस्टँडवर रहीमभाईंचा जावई फळं विकतो, भाऊंना ओळखतो. त्यानं सांगितलं, नऊच्या अकोला बसमध्ये बसताना पाहिलं. प्रतीक्षानं अकोल्याच्या स्टँडवर फोन लावला. बस केव्हाच आली होती, भाऊ त्यात नव्हते.

"म्हनजे अकोट ते अकोला," इंगळे साहेब म्हणाले. "एवढाच रस्ता शोधायचा आहे."

त्या रस्त्यावरच्या चोहोट्टा बाजार या गावी मी अकरा वर्षं शिकवलं. मोकळ्या डाव्या हातानं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावत गेले. तिसरा फोन रंजनाला. स्टँडसमोर तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. ती म्हणाली, "बाई, एक काका केव्हाचे समोरच्या बाकावर बसून आहेत. दम लागलेला दिसते."

फोन चालू ठेवूनच ती धावली. तिचा आवाज मला ऐकू येत होता, "काका, तुमी हिवरखेडचे का?" त्यानंतर नुसता धापा टाकल्याचा आवाज, आणि त्यातून एक "हो."

रंजनानं दुकान बंद केलं, शेजाऱ्याची गाडी मागितली आणि पावणेदोनला भाऊंना दारात आणून सोडलं. डॉक्टर आले, मशीन लागलं. आमची वेळ चारला संपली, पण कोणीही घरी गेलं नाही. प्रतीक्षाची ड्यूटीही संपली होती, तीही थांबली. रंजना माझ्याजवळ बसून होती, तिला प्यायला दिलेलं पाणी तसंच हातात.

पाचच्या सुमारास भाऊंची धाप ओसरली. मग मी त्यांना रागावले. शाळेत रागवायची तशी. बसमध्ये दम लागला म्हणून उतरले ते ठीक, चार्जिंग संपलं तेही ठीक, पण कोणाला हाक मारायची की नाही? तिथं एकटे बसून भीती नाही वाटली?

गजाननभाऊंनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं.

"कायले भेवू, बाई?" ते म्हणाले. "बारा वाजता माहा बेड रिकामा दिसनार होता ना तुमाले."