शेवटची अकरा पानं

सिस्टर मेश्राम यांची आणि माझी ओळख थपडीनं झाली. त्यांनी मारली, मी खाल्ली. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो, इतवारीत माझं भांड्यांचं दुकान होतं आणि हमालापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे माझ्या हाताला वचकून असत. त्या साठीच्या पुढच्या, उंचीनं पाच फुटांच्या आत, पांढरी सुती साडी नेसलेल्या. पण थप्पड अशी की कानात शिट्टी वाजली.

कारण सांगतो. गांधीबागेमागच्या एका गल्लीत, स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत, त्या वाचनालय चालवत. माझी बारा वर्षांची मुलगी पूर्वा तिथून पुस्तकं आणायची आणि गणिताच्या वहीखाली लपवून वाचायची. त्या दिवशी ती सापडली. माझ्या हाताशी पितळी गडवा होता, तांब्याएवढा, तो मी फेकला. भुवईवर लागला, चार टाके पडले. बायको तिला घेऊन दवाखान्यात धावली. मला मात्र अजून चेव होता. मी त्या पुस्तकाची शेवटची पानं ओरबाडून काढली, दुकानाशेजारच्या कल्हईवाल्याच्या भट्टीत टाकली आणि उरलेलं पुस्तक नेऊन सिस्टरच्या टेबलावर आपटलं. "पोरी बिघडवायचा धंदा काढला का तुम्ही," असं काहीसं म्हणत होतो. वाक्य पुरं व्हायच्या आत गाल पेटला.

मी हात उगारला. त्या जागच्या हलल्या नाहीत. स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बस तिथं. केसपेपर काढू दे तुहा."

त्यांनी तीस वर्षं एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात काढली होती. फुटलेली डोकी, जळालेल्या सुना, सुऱ्याचा वार खाऊन पोट धरत आलेली पोरं, हेच रोजचं. निवृत्त झाल्यावर साडी तीच राहिली, सवयही तीच. त्यांचे वडील गिरणीत होते. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आले ते लेकीला शिकवायचंच असं ठरवून. पाळी संपवून आले की मुलीला समोर बसवून वाचायला लावत, आणि अडखळली तर तेही पाठीत घालत. "माह्या बापानं मले मारून मारून वाचक केलं," सिस्टर सांगायच्या. "म्हणून मले दुसऱ्या रस्त्यानं वाचक करायचे होते."

तो रस्ता म्हणजे केसपेपर. नवा माणूस आला की काय वाचायला आवडतं, असं त्या चुकूनही विचारत नसत. "ते कोणालेच सांगता येत नाही. पोट दुखते म्हणून येणाऱ्याचं पोटच दुखते असं थोडीच असते?" कागदावर नाव आणि वय लिहायच्या आणि दोनच प्रश्न विचारायच्या. शेवटचं कोणाला मारलं? शेवटचा मार कोणाचा खाल्ला? उत्तरं ऐकून उठायच्या आणि कपाटातून बरोबर पुस्तक काढून आणायच्या.

"नाव?"

"दिगंबर."

"कोणाले मारलं?"

"पोरीले."

"कशानं?"

"गडव्यानं."

"काहून?"

इथं मी अडलो. पुस्तक वाचत होती म्हणून, हे तोंडातून निघेना. सिस्टरनी लिहिलं, 'कारण नाही.' मार कोणाचा खाल्ला हे विचारायची गरज नव्हती, तिथं त्यांनी स्वतःचंच नाव घातलं. मग फाटकं पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. ती एक जुनी, पिवळ्या कागदाची खुनाची कादंबरी होती. "अकरा पानं जाळली तू. शेवटाले आली होती पोरगी. खुनी कोण ते आता तिले कसं कळंन?"

"तुम्ही सांगा तिले. आणि एवढ्याशा पोरीले खुनाचं पुस्तक देता तुम्ही?"

"मार खाणाऱ्या पोरीले परीची गोष्ट देऊन काय करू? तिले कोणीतरी पकडल्या गेलेला पाहिजे. अन् मी नाही सांगत. तू शोध. दुसरी प्रत आणून दे तिले."

मला त्यांनी त्या दिवशी एक पुस्तकही दिलं, बापलेकीच्या मायेचं. चार पानं वाचली आणि मी ते भिंतीवर फेकून मारलं. त्यातला बाप इतका गोड बोलायचा की माझं डोकं फिरलं. परत नेऊन दिलं तेव्हा सिस्टर रागावल्या नाहीत. "डोस चुकला माहा," म्हणाल्या, आणि दरोडेखोरांवरचं एक जाडजूड पुस्तक हातात ठेवलं. त्यात दर दहा पानांनी कोणाचं तरी मुंडकं उडत होतं. मी ते गल्ल्यावर बसून वाचलं, जेवताना वाचलं. नोकरानं स्टीलच्या ताटांची अख्खी चळत पाडली त्या दिवशी मी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पुस्तकात शिरलो. नोकर बिचारा मार कधी पडतो याची वाट पाहत उभाच राहिला.

दर आठवड्याला जाऊ लागलो तशी सिस्टरची कामाची रीत दिसू लागली. पंच्याऐंशी वर्षांचे एक निवृत्त मास्तर यायचे, त्यांना पोथी हवी होती. शेवटचं कोणाला मारलं, तर म्हणाले, जन्मात कोणाला नाही. "मंग झोप कशी येईन, मास्तर?" असं म्हणत सिस्टरनी त्यांना शिकारकथा दिल्या. पुढच्या आठवड्यात मास्तर काठी आपटत आले आणि भर खोलीत म्हणाले, "काल दोन वाघ पाडले मी." समोरच्या घरातल्या सासूसुनेनं दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात एकमेकींचीच नावं दिली. सिस्टरनी दोघींना मिळून एकच कादंबरी दिली, निदान तिच्याबद्दल तरी बोलतील म्हणून. सासूनं आधी वाचून शेवट सांगून टाकला, सुनेनं लाटणं घातलं. सासूच्या डोक्याला पट्टीही सिस्टरनीच बांधली. "चुकलंच माहं. दोघींले पुस्तक एक नाही द्यायचं, दुश्मन एक द्यायचा." मग एका नीच सावकाराची कादंबरी दिली. ती मात्र दोघींनी मोठ्यानं वाचली, आणि त्या सावकाराला दिलेल्या शिव्या पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत.

माझ्या घरी मात्र पूर्वा माझ्याशी बोलत नव्हती. मी आलो की उठून आत जायची. भुवईत टाक्यांची रेघ राहिली होती, तिकडे माझ्यानं पाहवत नसे. मी पुस्तक शोधत होतो. मोबाइलवर पाहिलं, कुठंच नाही. छापणाऱ्याचं दुकान कधीचं बंद पडलेलं. मग दर रविवारी सीताबर्डीच्या फूटपाथवरचे जुने ढीग उपसू लागलो. एका रद्दीवाल्यानं तसलंच पुस्तक कालच लगद्याला दिल्याचं सांगितलं तेव्हा मी त्याची कॉलर धरली, मग सोडली आणि त्याला चहा पाजला. घरी कधी डोकं तापलंच, तर भट्टीत जळणारी ती पानं डोळ्यांपुढं यायची आणि मी चप्पल घालून बाहेर पडायचो.

वर्ष उलटलं. एका दुपारी मी वाचनालयात बसलो होतो. कपाटामागच्या कोपऱ्यात गल्लीतलीच एक बाई वाचत होती. दुपारचा तासभर ती तिथं येऊन बसे, नवऱ्याला चुकवून. तो नवरा लोखंडी सळई घेऊन दारात उभा राहिला. सिस्टर उठून उंबऱ्यात आडव्या झाल्या. "घरी जाय गा," एवढंच म्हणाल्या. त्यानं सळई घातली ती त्यांच्या डोक्यात. आवाज नारळ फुटल्यासारखा आला. मी त्याला खाली पाडलं, छातीवर बसलो, सळई हिसकावली. त्या क्षणी मी त्याला मारून टाकणार होतो, यात मला आजही शंका नाही. मागून सिस्टरचा आवाज आला. पांढऱ्या साडीवर रक्ताचे ओघळ, आणि आवाज नेहमीचा, वॉर्डात पेशंटला दटावतात तसा. "सोड त्याले, दिगंबर. तुह्या केसपेपरवर जागा नाही उरली."

मी सळई टाकली. सिस्टरना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

नवव्या दिवशी सिस्टर गेल्या, ज्या दवाखान्यात तीस वर्षं काढली त्याच दवाखान्यात. आईबापांच्या मरणाला मी रडलो नव्हतो, सिस्टरच्या मातीला रडलो. अख्खी गल्ली होती. मास्तर होते, सासूसून एकमेकींचा हात धरून होत्या. पूर्वा माझ्यापासून दोन हात अंतर ठेवून उभी होती.

त्यानंतर सहा महिन्यांनी पुस्तक सापडलं. सीताबर्डीलाच, जुन्या गाइडांच्या ढिगाखाली, शेवटच्या पानासकट धड. मी मेट्रोत ते छातीशी धरून बसलो होतो. घरी येऊन पूर्वापुढं ठेवलं. तिनं हात लावला नाही. "तुम्हीच वाचून दाखवा," म्हणाली, आणि दाराजवळ बसली.

मी अकरा पानं वाचली. मला वाचता कुठं येतं असं मोठ्यानं, अडखळत वाचली. शेवटी खुनाचा छडा लावणारी बाई खुन्याला पकडते आणि तो म्हणतो, मी रागात होतो. तिथं मी थांबलो. पूर्वा शांतपणे म्हणाली, "पुढं वाचा. ती बाई त्याले म्हणते, राग सगळ्यांनाच येतो, हात तुमचा होता."

पुस्तकात अगदी तेच वाक्य होतं.

"तुले कसं माहीत?"

"सिस्टरनं मले केव्हाच सांगितला होता शेवट. टाके काढले त्याच दिवशी."

"मंग मले दीड वर्ष काहून फिरवलं?"

पूर्वानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सिस्टर म्हणे, जोपर्यंत तो शोधून राहिला, तोपर्यंत तुह्यावर हात नाही उठत त्याचा." मग तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. "आता तं सापडलं, बाबा."

एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. चौदा वर्षांची माझी पोर, बापाला पुस्तक सापडलं म्हणून घाबरली होती. मी ते मिटून खाली ठेवलं. हात कुठं ठेवावेत कळेना.

"दुसरं सांग," मी म्हटलं. "लवकर न सापडणारं सांग."

तिनं बराच वेळ विचार केला आणि एका पुस्तकाचं नाव सांगितलं, लेखकाचंही सांगितलं. त्याला पाच वर्षं झाली. पूर्वा आता कॉलेजात आहे, जेवताना माझ्या शेजारी बसते. सीताबर्डीचे पुस्तकवाले मला हसतात. म्हणतात, असं पुस्तक कोणी लिहिलेलंच नाही, पोरीनं मनानं नाव सांगितलं असंल. मला ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मी दर रविवारी जातो.