जनीबाय आणि पालेभाजीचं व्हिटॅमिन

अंगणवाडीत वीस वर्षं काढली की किस्से बांधावरच्या टाकळ्यासारखे माजतात. एक खुडावा, तर दहा! शेणव्याजवळच्या आमच्या पाड्यावर मी सेविका, जनीबाय मदतनीस. बहुतेक किस्से तिचेच.

*

शहापूरला पोषणाचं ट्रेनिंग होतं. मॅडमनी स्क्रीनवर शेवळाच्या रानभाजीचा फोटो लावला. "भरपूर व्हिटॅमिन! सॅलडमध्ये कच्चं खा, म्हणजे टिकतं."

कच्च्या शेवळानं घसा असा खाजतो की आवाज फुटत नाही. जनीबाय उठली. "मॅडम, पयली तुमी खावा. मंग उद्या बोलून दाखवा!"

*

लॉकडाऊनमध्ये टीव्हीवर रोज सांगत, हे युद्ध आहे. युद्धाची रसद काही आमच्या पाड्यावर पोचली नाही. जनीबाय चार बायांना घेऊन डोंगरात गेली, कडूकंद खणून आणले. राख घालून उकडले, रात्रभर झऱ्यात ठेवले, तेव्हा कुठे विष उतरलं. पोरं तेच खाऊन राहिली.

ऑफिसातून मेसेज आला: "आजच्या आहाराचा फोटो पाठवा." कडूकंदांचाच पाठवला.

उत्तर: "सरपणाचा नको, आहाराचा!"

*

पाड्यावरच्या हिराची पोर वजनात कमी. हिरानं टोपलीभर कंटोळी शहापूरच्या बाजारात विकली आणि येताना पोरीला बिस्किटं आणली. मी ओरडले, "अगं, घरात चार तरी ठेवायचीस!"

"ठेवली असती ताई. पन तेल कुटं होता?"

*

रानभाजी स्पर्धेत पहिलं बक्षीस 'भारंगी पिझ्झा'ला. भारंगी पहाटे उठून जनीबायनं खुडून दिलेली. तिला एक तुकडा मिळाला, वर माईकही. "कसा लागला, आजी?"

"बरा हाय. पन भारंगी कुटं हाय?"

*

गेल्या वर्षी जनीबायची सून गरोदर होती. तपासणीत रक्त फारच कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घ्याच, पण रोज हिरवी पालेभाजीही हवी."

जनीबाय टोपली घेऊन नेहमीच्या टेकाडावर निघाली. मीही सोबत गेले. तिथे तारेचं कुंपण, आत नवंकोरं रिसॉर्ट! वॉचमननं अडवलं. "आत फक्त गेस्ट."

"मूठभर कुर्डूचा पाला खुडते रे, सुनंसाठी." तिनं हात जोडले.

तेवढ्यात मॅनेजर आला. तिला बघून एकदम खूश! "आजी, तुम्ही तर आमच्या मेनूकार्डावर आहात!" धावत जाऊन कार्ड घेऊन आला. वर 'अस्सल रानभाजी थाळी' आणि खाली डोक्यावर टोपली घेऊन हसणारी जनीबाय. बाजारात कोणीतरी काढलेला फोटो.

"पण आत नाही सोडता येणार हं. नियम आहे."

जनीबायनं फोटोवरून बोट फिरवलं. मग मान वर करून विचारलं,

"हिला आत घेतलंत ना? मंग मला का नाय?"