पडद्यावरच्या खालच्या ओळी

वडिलांवरचा माहितीपट जव्हारच्या एका शाळेत पावसाळ्यातल्या भरदुपारी दाखवला. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. तरी बाहेरचं धुकं कुठूनतरी आत आलंच, आणि पडद्यावरचं धुकं कुठे संपतं, वर्गातलं कुठे सुरू होतं, कळेनासं झालं. जुन्या चित्रणातले वडील त्यातून चालत निघाले होते, पाठमोरे. मी त्यांना लगेच ओळखलं. मला ते तसेच जास्त आठवतात.

वडील आमच्या भागातले पुढारी होते. पाड्यांवरचे रस्ते, हाताला काम, हे त्यांनी भांडून आणलं असं सगळे सांगतात, आणि ते खरंच आहे.

आदल्या वर्षी, भातकापणी उरकल्यावर, शूटिंगवाले खोडाळ्याजवळच्या आमच्या घरी आले होते. त्यांनी वडिलांची खुर्ची मागितली. खुर्ची कुठली? घरी आले की ते उंबऱ्यावर टेकायचे, पायातल्या चपलाही न काढता. कुणाची हाक आली की उठले.

आई अंगणात नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं निवडत होती. नवऱ्याबद्दल विचारल्यावर मान वर न करता घरच्या बोलीत मलाच म्हणाली, "बापूस जगाला भेटला. आपल्याला नाय भेटला."

शूटिंगवाल्यांना तिचं बोलणं समजेना. पडद्याखाली येणारं मराठी मी लिहून द्यायचं ठरलं होतं. मी शाळेत मराठी शिकवते, आणि त्याचा मला तोराही आहे. पण ते वाक्य लिहिताना हात अडला. वडिलांना चारचौघांत उणेपणा नको, असं वाटलं.

आता पडद्यावर आई कणसं निवडत होती. तिचं ते बोलणं आलं आणि मागे बसलेल्या पाड्यांवरच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांना खालचं वाचायची गरजच नव्हती. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी मात्र वाचलं आणि टाळ्या वाजवल्या.

आईला वाचता येत नाही. तिचा हात माझ्या हातात होता. ती हळूच म्हणाली, "पोरी, मी येवढाच बोलले. खाली येवढा काय लिवलाय?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मला स्वतःचीच लाज वाटली. मी लिहिलेलं जसंच्या तसं तिच्या कानात सांगितलं, "त्यांनी आपलं आयुष्य जनतेसाठी वाहून घेतलं. त्या सेवेत आम्हालाही खारीचा वाटा उचलता आला, हे आमचं भाग्य."

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वडिलांच्या सभेत गर्दीच्या कडेला उभी राहून ऐकायची, तसंच.

"हा तर तुझा बापूसच बोलतोय," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला हात सोडवून घेतला.