गिरणीमागची काळी माती

तेलाचं तूप कसं होतं, एवढंच भीमाला विचारा, मग तुमची निलंग्याची एसटी चुकलीच म्हणून समजा! लातूर जिल्हा नवा झाला त्याच सुमाराला तो वनस्पती तुपाच्या गिरणीत ऑपरेटर म्हणून लागला. घराण्यात मशीनला हात लावणारा पहिलाच. चुलीपुढं बसून आईला, नागुबाईला, सांगायचा, "आये, तेलात घालायची ती काळी माती वारुळावानी. भोकंच भोकं. भोकाभोकात निकेल हाय. हायड्रोजन आत शिरतो, निकेलवर फुटून सुटा होतो अन् तेलाला जाऊन चिकटतो. मग तेल थिजतंय."

"म्हंजी इरजणच की रं."

"न्हाई गं. इरजण दह्यात जिरतं. ही माती गाळून परत निघती. लई खेपा झाल्या की मरती, मग टाकून देतो."

नागुबाईनं त्यातलं 'मरती' तेवढं नेमकं ध्यानात ठेवलं.

ही मेलेली माती गिरणीमागं ढिगानं पडायची. भोकांत निकेल असतं, तेल असतं. कोरडी पडून वारा लागला की ती आपली आपणच तापते. म्हणून तिच्यावर रोज पाणी मारायचं. पण दुष्काळ असा पडला की मॅनेजरनं ते पाणीच बंद केलं. "माणसांना प्यायला नाही अन् चिखलाला कुठून देऊ?" भीमा दोनदा बोलला, तिसऱ्यांदा गप्प बसला. नोकरी प्यारी असते हो!

बाभळी तोडून संपल्या, जनावरं विकली, मग गोवऱ्या कुठल्या? बाया ती तेलकट माती पोत्यानं न्यायला लागल्या. चुलीत झकास जळायची. नागुबाईनंही एक पोतं आणून बाजेखाली सरकवलं. माती तर मेलेलीच; लेकाला सांगायची गरज तिला वाटली नाही.

भीमा दुपारी पाळी संपवून आला तर घरात करपट वास. बाजेवर त्याची लेक पंचशीला झोपलेली, अन् खाली पोतं धुमसतंय! त्यानं पोरीला उचलून बाहेर धाव घेतली. तोवर नागुबाईनं पोतं दोन्ही हातांनी ओढलं, ते फाटलं, अन् लालबुंद माती तिच्या तळहातांवर सांडली. पोरगी वाचली. भीमा उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला. मॅनेजरपुढं आपण गप्प का बसलो, हेच त्याला खात होतं.

दुसऱ्या दिवशी टँकरवर भरलेली घरची घागर त्यानं थेट ढिगावर ओतली. एका घागरीनं काय होणार? ढीग नुसता चुरचुरला. पोती भरणाऱ्या बाया बघतच राहिल्या. कुणी येडा म्हणालं, कुणी शिव्या घातल्या, पिण्याचं पाणी मातीत घालतोय मेला! "नेऊ नका गं, घरं जळतील," तो हात जोडून सांगत होता. एकीलाही पटेना. तेव्हा नागुबाई पुढं झाली, हातांना बांधलेल्या चिंध्या तिनं दातांनी सोडल्या अन् भाजलेले तळवे सगळ्यांपुढं धरले.

शेजारच्या शरणम्मानं आपलं भरलेलं पोतं पालथं केलं. मग भीमाकडं बघून म्हणाली, "न्हाई नेत, बाबा. पर आता भाकर कशावर भाजू, ते बी सांग की."