उजव्या सोंडेचा ठसा

धुळ्याच्या वस्तुसंग्रहालयातल्या एका दगडी गणपतीसाठी मी सलग पाच रविवार जळगावहून एसटीने गेले. मूर्ती हातभर उंच, एक कान उडालेला, सोंड डावीकडे वळलेली. तिथे बसून रेखाटनं केली आणि घरी येऊन लिनोवर ठसा कोरला. लिनो म्हणजे रबरासारखी जाड शीट. नको तेवढं कोरून काढायचं, उरलेल्यावर शाई फिरवून कागद दाबायचा. छाप आरशातल्यासारखी उलटी येते, म्हणून चित्र आधीच उलटं करून कोरावं लागतं.

ज्यांच्या चित्रकलेच्या क्लासात मी शिकवते, त्या सरांना पहिली छाप भेट दिली. चूक माझीच. पुढे कळलं, की एका सराफाला दिवाळीत गिऱ्हाइकांना वाटायला गणपतीची चित्रं हवी होती, आणि सरांनी माझी छाप दाखवून, धुळ्याला बसून मीच केलंय असं सांगून काम मिळवलं होतं. माझ्याकडे ठसा मागायची सोय राहिली नव्हती. म्हणून माझ्या छापेवरून ट्रेसिंग काढून त्यांनी नवा ठसा कोरला. लिनोला हात लावायची त्यांची ही पहिलीच वेळ.

कोरून झाल्यावर मलाच बोलावून दाखवला. चोर तर चोर, वर शिरजोर. मी बघितलं तर ठशावर सोंड डावीकडेच होती. म्हणजे कागदावर ती उजवीकडे येणार. उजव्या सोंडेचा गणपती कडक. त्याचं सोवळंओवळं नको म्हणून आपल्याकडे लोक तो घरात ठेवत नाहीत. माझ्या एका शब्दाने सर वाचले असते.

"सुरेख झालाय, सर," मी म्हटलं. इतकं गोड मी त्या क्लासात कधी बोलले नव्हते.

छापताना सरांचं लक्ष खाली सहीच्या जागेवर होतं. सोंड कुठे वळली, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. वसुबारसेला चित्रं वाटली गेली आणि धनत्रयोदशीला परत यायला लागली. मी पैंजण बघायचं निमित्त करून मुद्दाम त्या दुकानात जाऊन बसले होते. खेड्यावरून आलेल्या एका आजींनी गुंडाळी सराफापुढे ठेवली.

"हाऊ उजवी सोंडना शे, भाऊ. आमना घर यानं सोवळं कोन पाळी?"

सराफाने तिथूनच सरांना फोन लावला आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना नको नको ते बोलला. मला फार बरं वाटलं. पैंजण मी आणखी तीनदा बघितले.

दुपारी सर माझ्या दारात. लक्ष्मीपूजनाआधी सगळी चित्रं बदलून द्यायची आहेत, तुझा ठसा दे, म्हणाले. सराफाला काय सांगणार, असं मी विचारलं, तर म्हणे, ते आपलं आपल्यात राहू दे.

मी ठसा आणला, त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि गणपतीच्या बैठकीवर माझं पूर्ण नाव आडनावासकट, उलट्या अक्षरांत कोरलं. अर्धा तास लागला. मी मुळीच घाई केली नाही. सर घामाघूम होऊन बघत होते, पण अडवायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

"आता छापा," मी ठसा पुढे केला. "सहीला जागा उरलेली नाही."

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पायऱ्या उतरताना मध्येच थांबून त्यांनी विचारलं, सोंड उलटी येणार हे तुला कधी कळलं?

"तुम्ही ठसा दाखवलात ना," मी म्हटलं, "तेव्हाच."