कुंकवाचं बोट

काळ्या शाईची बाटली उघडली, की त्या उग्र वासामागून मला दिवेआगरच्या आमच्या ओटीवर वाळत घातलेल्या सुपारीचा वास येतो. वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, तिथं एकदा एक चित्रकार बाई उतरल्या होत्या आणि निघताना त्यांनी आईच्या हातात स्वतः काढलेलं एक चित्र ठेवलं. वर शाईचा एक जाड फराटा, खाली कोपऱ्यात एक बारीक वळण, आणि बाकी सगळा पांढरा कागद. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "अगो, सगळा कागद कोराच ऱ्हायलाय की!" तरी घरात आलेल्या नव्या वस्तूला कुंकू लावायचं ही तिची रीत, म्हणून करंडा घेऊन ती बाहेर बाईंसमोर आली आणि तिनं त्यात बोट बुडवलंच. ते बघून बाईंचा चेहरा उतरला. आईचं बोट आधी वरच्या कोपऱ्याकडे गेलं आणि अडलं. मग मधोमध आलं, तिथंही अडलं. तिनं चित्र लांब धरलं, मान कलती केली, पुन्हा जवळ घेतलं. एवढ्या कोऱ्या कागदावर तिच्या बोटाला आडवं येतंय तरी काय, ते मी डोळे ताणून शोधत होते. शेवटी ती बाईंना म्हणाली, "हितं जागाच न्हाय हो कुठं," आणि कागद उलटा करून तिनं पाठीवर कुंकू टेकवलं. आता मीही शाईनं चित्रं काढते. कुठं थांबावं ते कळेनासं झालं, की भिंतीवरचं ते चित्र उतरवते आणि त्याची मागची बाजू बघते.