अक्कांच्या खेळातली खुर्ची

निरोप घ्यायला आपण उठलो की अक्का आपल्या आधी दाराशी पोचायच्या. कडीवर हात ठेवायच्या. दार उघडण्यासाठीच ठेवलाय असं वाटावं, आणि मग विचारायच्या, "निघालास? स्वल्प बस की." हात कडीवरच राहायचा. कडी काही निघायची नाही.

असा आग्रह करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माझ्याही नात्यात दोन-चार आहेत. पण त्यांच्यापैकी कुणी तो आग्रह कॉम्प्युटरला शिकवायला बसलं नाही. अक्का बसल्या.

बेंगळुरूत हेब्बाळला आमची दारं समोरासमोर होती. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, एका कंपनीत टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. या धंद्याने माणूस थोडा खवचट होतो, मीही झालो होतो, चष्म्यावरच्या कायमच्या आठ्यांसकट. अक्का मूळच्या निपाणीकडच्या. लग्न होऊन बेंगळुरूला आल्या, नवरा लवकर गेला, आणि मग बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या सुपरवायझर म्हणून त्यांनी सगळी नोकरी उभ्याने केली. सवय अशी लागली की निवृत्त झाल्यावरही त्या बसत नसत. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. तिकडच्या बायका बोलतात तसं स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" म्हणायच्या, आणि मला नावाने हाक न मारता "पुणेकर" म्हणायच्या.

एका शनिवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "पुणेकर, माणूस भिंतीतनं आरपार जायलाय. चल बघू."

मी घाबरून धावलो. ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी, लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर वरून पाहिल्यासारखं एक छोटंसं गाव होतं आणि निळ्या सदऱ्यातला एक नायक घरांच्या भिंतींमधून, विहिरीवरून, एका म्हशीच्या पाठीवरून खुशाल चालत होता. अक्का व्हिडिओ पाहून पाहून गेम बनवायला शिकत होत्या. सपाट चित्रांचा, गावात हिंडून लोकांशी बोलायचा, कामं करायची आणि पुढे जायचं, असा.

मी सांगितलं, की कॉम्प्युटरला भिंत म्हणजे काय ते कळत नाही. चित्रातल्या प्रत्येक चौकटीला बजावावं लागतं, की इथून कुणाला जाऊ देऊ नकोस.

"एवढंच न्हवं?" अक्का म्हणाल्या. "लोकांना अडवायचं काम मला येतंय."

आणि खरंच आलं. चित्रं तर त्यांना माझ्या आधीच जमली होती. शाळेत असताना दोसुतीवर टाके मोजून पोपट आणि गुलाब भरलेला हात होता तो. चौकट चौकट रंगवून त्यांनी पिठाची गिरणी केली, तंबाखूची वखार केली, हिरवं कपाट केलं. शिकवणाऱ्या व्हिडिओतला तरुण नायकाला तलवार देऊन राक्षसांशी लढवत होता. अक्कांनी त्याला पहिल्या दिवसापासून विरोध केला. "राक्षस कशाला? गावात कामं काय कमी हाईत?" त्यांचा नायक दळण आणायचा, हरवलेली म्हैस शोधायचा आणि शेवटी एका घरात जायचा. त्या घरातून बाहेर पडला की खेळ संपला.

"पण हे सगळं कशासाठी, अक्का?" मी एकदा विचारलं.

त्या कणीक मळत होत्या. "माझा पोरगा माहीत हाय न्हवं? कॅनडातला. रविवारी फोन करतंय. गाडी चालवता चालवता. मी आत्ता कुठं सांगायला लागतो, तोवर 'आई, ठेवतो.' लहानपणी गेम खेळायला बसला की मात्र उठायचा न्हाई. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा." त्यांनी कणकेला एक गुद्दा दिला. "बोलण्यात थांबत न्हाई ते पोरगं. खेळात थांबतंय. मग म्हटलं, खेळच करू."

त्या हे अगदी खणखणीत आवाजात म्हणाल्या, कारखान्यात माल कधी निघणार ते सांगावं तसं. 

यथावकाश गाव पूर्ण झालं. मी पहिल्यांदा खेळायला बसलो. दळण आणलं, म्हैस शोधली, शेवटच्या घरात गेलो. आत हुबेहूब अक्का उभ्या, अंबाडा आणि जांभळ्या साडीसकट. थोडं बोलणं झालं. मी दाराकडे निघालो, तर ती छोटी अक्का तुरुतुरु माझ्या आधी दाराशी पोचली आणि खाली अक्षरं उमटली: "निघालास? स्वल्प बस की." मी "नको" निवडलं. पुन्हा तेच. "बरं" निवडलं, तर चकली आली, आणि पुन्हा तेच.

"अक्का, यात बग आहे, चूक. बाहेरच पडता येत नाही."

"बग कसला? एकदा नको म्हटलं म्हणून सोडतंय होय कोण?"

त्यांना पटेना. म्हणून मी त्यांना इंदिरानगरला घेऊन गेलो. तिथे हौशी गेम बनवणारी मंडळी रविवारी एका कॅफेत जमून एकमेकांचे खेळ पाहत. सगळी विशी-पंचविशीतली, आणि त्यांत अक्का, इस्त्रीची साडी नेसून, डब्यात चकल्या घेऊन. पोरांना गाव फार आवडलं. म्हशीवर तर एक मुलगी भाळलीच. पण शेवटच्या घरात एकेक जण अडकत गेला.

"आंटी, इसमें एक्झिट नहीं है," एक दाढीवाला म्हणाला.

"जल्दी क्या है? बैठने का," अक्का म्हणाल्या.

"बैठूँ कहाँ? कुर्सी ही नहीं है।"

तो एवढं म्हणाला आणि खेळ बंद करून पुढच्या टेबलाकडे गेला.

 परतताना रिक्षात मी माझ्या धंद्याची अक्कल पाजळली. "अडकलेला माणूस शेवटी खेळच बंद करतो, अक्का. तुमचा मुलगाही तेच करेल." बोललो आणि लगेच जीभ चावली. पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं.

"खरं की रे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना बस बस म्हणालोय आणि बसायला काय ठेवलंच न्हाई."

तुम्ही त्यांच्या घरी कधी गेला असता तर तुम्हाला याचं नवल वाटलं नसतं. एकुलत्या एका खुर्चीवर वाळलेले कपडे असत. पाहुणा पलंगाच्या कडेला टेकायचा, आणि अक्का उभ्या.

नंतरचे काही दिवस त्यांनी मला घरात घेतलं नाही. दाराच्या फटीतून "सरी, सरी, बरं, नंतर ये" म्हणायच्या. अक्का कुणाला दारातून परत पाठवतायत, हे आमच्या अख्ख्या मजल्याला नवीन होतं.

मग एका रविवारी बोलावणं आलं. मुलाला फोनवर गाठून त्यांनी दटावलं होतं, की आज गाडीत नाही, घरी बसून फोन कर. लॅपटॉपवर एका कोपऱ्यात त्याचा चेहरा होता, बाकी पडद्यावर त्याचा खेळ. तो हसत खेळत होता. दळण आणलं, म्हैस सापडली. शेवटच्या घरात शिरला, दाराकडे निघाला, आणि छोटी अक्का आडवी आली.

"आई, हे काय!" तो खदखदून हसला. पुन्हा गेला, पुन्हा आडवी आली. त्याने खिडकी पाहिली, भिंती चाचपल्या. "आई, हे हिरवं कपाट आपलंच ना? ते बोम्मसंद्र्याच्या घरातलं? त्याचं दार लागायचं नाही, मी कागद खोचायचो." मग कपाटावरून घरमालकीण, घरमालकिणीवरून तिचा कुत्रा, असा तो बोलतच सुटला. आता हा कंटाळून बंद करेल, या धास्तीने मी काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, तर अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं.

शेवटी त्याचा नायक खोलीच्या कोपऱ्यात गेला. तिथे दोन खुर्च्या होत्या. तो एका खुर्चीवर बसला.

छोटी अक्का दारापासून हलली. आत गेली, एक कॉफी दोन पेल्यांत घेऊन आली, आणि समोरच्या खुर्चीवर बसली.

मुलगा पडद्याजवळ सरकला. "बाय टू," तो हळूच म्हणाला. तो क्लासहून आला आणि अक्का कारखान्याच्या बसमधून उतरल्या की कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, दोघं 'बाय टू' सांगून एक कॉफी दोघांत घ्यायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

पडद्यावर दाराची कडी आपोआप निघाली. दार सताड उघडं. पण नायक उठला नाही.

"आई," तो म्हणाला, "तू अजून उभीच आहेस का गं? बस ना."

मी खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले. अक्का बसल्या. मी दार ओढून घेऊन माझ्या घरी आलो, आणि मला कुणी थांबवलं नाही. आजही ते आठवलं की मला फार बरं वाटतं.

पुढच्या वर्षी अक्का निपाणीला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. "बेंगळुरूत लई उभा राहिलो," एवढंच म्हणाल्या. जायच्या आदल्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर त्यांनी खेळाची नवी प्रत घातली आणि बजावलं, "चुका काढायच्या न्हाईत." समोरच्या दारावर आता दुसऱ्यांच्या नावाची पाटी आहे. त्यांचं माझं नमस्काराच्या पलीकडे जात नाही.

ती प्रत मी बरेच दिवस उघडली नव्हती. उघडली तेव्हा दळण आणलं, म्हैस शोधली, शेवटच्या घराशी गेलो. दाराला कुलूप. शेजारी अक्षरं उमटली: "किल्ली समोर दिली हाय."

समोर एक नवं घर होतं. आत गेलो. चष्मा लावलेला, कपाळाला आठ्या घातलेला एक पोरगा तिथे उभा. मी किल्ली घेतली आणि वळलो, तर तो तुरुतुरु माझ्या आधी दाराशी पोचला. कडीवर हात ठेवला.

"निघालात? स्वल्प बसा की."

मी खोलीभर नजर फिरवली. दोन खुर्च्या होत्या.